दुर्मिळता आणि नोंद : बालकांच्या मेंदूतील रक्तवाहिनीविकृतींचा इतिहास व खानदेश

रोगांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. पटकी, देवी, प्लेग, इन्फ्लुएंझा यांसारख्या साथींनी आपल्यामागे विपुल कागद ठेविले. सरकारी अहवाल, मृत्युसंख्येची कोष्टके, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहार, गावोगावच्या आठवणी अशी नाना प्रकारची सामग्री त्यांच्याविषयी उपलब्ध आहे. याउलट जो रोग हजारो जन्मांतून एखाद्याच बालकास होतो, ज्याचे नाव गावच्या पाटलास अथवा दवाखान्यातील कंपाउंडरास ठाऊक नव्हते, त्याचा मागोवा कोणत्या कागदात घ्यावयाचा? असा रोग त्या प्रदेशात नव्हताच असे मानणे सोयीचे असते. परंतु सोयीचे ते सत्य असतेच असे नाही. निसर्गातील दुर्मिळता आणि दप्तरातील दुर्मिळता या दोन भिन्न गोष्टी होत. बालकांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात विकृती, विशेषतः गॅलेनच्या नीलेची विस्फारविकृती, आणि जळगाव व धुळे हे खानदेशातील दोन जिल्हे यांची सांगड घालून या भेदाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. नावाचा इतिहास

मेंदूच्या खोल भागातील रक्त गोळा करून मागील बाजूच्या शिरानालाकडे नेणाऱ्या आखूड, जाड नीलेस गॅलेनचे नाव मिळाले आहे. गॅलेन हा इ. स. १२९ च्या सुमारास पर्गामम येथे जन्मलेला ग्रीक वैद्य. रोममध्ये मानवी शवाचे विच्छेदन रूढ नसल्यामुळे त्याने बैल, डुक्कर, माकड इत्यादी प्राण्यांच्या शरीरावरून आपले निष्कर्ष काढले. खुरी प्राण्यांच्या मेंदूच्या तळाशी त्यास रक्तवाहिन्यांचे एक सूक्ष्म जाळे आढळले आणि ते मनुष्यातही असलेच पाहिजे असे त्याने गृहीत धरले. हे ‘अद्भुत जाळे’ पुढे तेराशे वर्षे मानवी शरीरशास्त्राचा भाग म्हणून शिकविले जात होते. १५२१ मध्ये बेरेंगारियो दा कार्पी याने त्याच्या अस्तित्वाविषयी उघड शंका घेतली, आणि १५४३ मध्ये व्हेसॅलियसने मनुष्यात असे जाळे नाही हे ठामपणे मांडले. हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला, तर टॉमस विलिसने १६६४ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीवलयाचे वर्णन केले. या चार टप्प्यांनंतरच रक्त रोहिणीतून केशवाहिन्यांत, व तेथून नीलेत जाते ही कल्पना मेंदूस लागू करणे शक्य झाले. जोवर हा क्रम ठाऊक नव्हता तोवर त्या क्रमातील बिघाड ओळखता येणे शक्यच नव्हते. विकृतीचे ज्ञान प्रकृतीच्या ज्ञानानंतरच येते.

भारतीय वैद्यकाकडे पाहतानाही हाच विवेक बाळगावयास हवा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘अधिपति’ या मर्माचे वर्णन आहे. मस्तकाच्या आत, वरच्या बाजूस, सिरा व संधी जेथे एकत्र येतात आणि बाहेरून जेथे केसांचा भोवरा दिसतो ते हे स्थान. त्यावरील आघात तत्काळ प्राणघातक मानला आहे. त्याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका व नैगमेष हे नऊ बालग्रह सांगितले आहेत. बालकाचे दचकणे, आकडी येणे, स्तनपान न करणे, फेस येणे इत्यादी लक्षणांचे प्राचीन वैद्यांनी केलेले निरीक्षण सूक्ष्म होते, यात संशय नाही. तथापि यावरून त्यांना एखादी विशिष्ट वाहिनीविकृती ठाऊक होती असे म्हणणे म्हणजे आजचे ज्ञान कालच्या शब्दांत भरणे होय. लक्षणांची नोंद ही एक गोष्ट. कारणाची ओळख ही दुसरी. अनेक भिन्न कारणांनी येणारी आकडी एकाच ग्रहाच्या नावाखाली मोडत असे, आणि हीच गोष्ट पुढील काळातील सरकारी कोष्टकांबाबतही खरी आहे.

२. रोगाची ओळख

गॅलेनच्या नीलेची विस्फारविकृती म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गर्भाच्या सहाव्या ते अकराव्या आठवड्यांच्या दरम्यान मेंदूच्या मध्यरेषेवर एक तात्पुरती नीला असते. ती यथाकाल लोप पावते व तिचा केवळ मागील भाग गॅलेनच्या नीलेत सामावतो. काही गर्भांत रोहिण्या मधल्या केशवाहिन्यांना वगळून थेट या तात्पुरत्या नीलेत उघडतात. वेगाने येणाऱ्या रक्ताच्या लोंढ्यामुळे ती लोप पावत नाही, उलट फुगत जाते. गर्भावस्थेत वारेतील रक्ताभिसरणास प्रतिरोध कमी असल्याने बराच प्रवाह तिकडे वळतो व हृदयावरील भार काहीसा मर्यादित राहतो. जन्मानंतर नाळ कापताच तो आधार जातो, आणि रक्ताचा मोठा भाग मेंदूतील या आडवाटेने हृदयाकडे परतू लागतो. म्हणून व्याधी मेंदूत असूनही पुष्कळ नवजात बालकांत पहिले लक्षण हृदयविफलतेचे असते. श्वास जलद होणे, दूध ओढताना थकणे, यकृत वाढणे यांवरून वैद्य हृदयातच दोष शोधीत राहतो. थोड्या मोठ्या अर्भकांत डोक्याचा घेर वाढतो, टाळू फुगते, कपाळावरील शिरा ठळक दिसतात, आणि कवटीवर श्रवणनलिका ठेवल्यास कधी कधी अखंड घरघर ऐकू येते. त्याहून मोठ्या मुलांत डोकेदुखी, आकडी अथवा रक्तस्राव ही लक्षणे आढळतात.

या व्याधीच्या शोधाचे श्रेय पुष्कळदा १८९५ मध्ये श्टाइनहाइल याने व्युर्ट्सबुर्ग येथे सादर केलेल्या प्रबंधास दिले जाते. परंतु त्याने वर्णिलेला रुग्ण खऱ्या अर्थाने या विकृतीचा नव्हता. शेजारच्या मेंदूभागातील दुसऱ्याच एका विकृतीचे रक्त गॅलेनच्या नीलेत येऊन ती फुगली होती, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. त्याच वर्षी, त्याच नगरीत, रॉन्टगेनने क्ष-किरणांचा शोध लावला हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र क्ष-किरणांनी हाड दिसे, रक्तवाहिनी दिसत नसे. ती उणीव १९२७ मध्ये लिस्बन येथे एगाश मोनिझ याने रोहिणीत अपारदर्शी द्रव सोडून छायाचित्र घेण्याच्या पद्धतीने भरून काढली. १९३७ मध्ये येगर, फोर्ब्स व डँडी यांनी या विकृतीचे स्पष्ट वर्णन केले. १९४९ मध्ये बोल्ड्रे व मिलर यांनी रोहिणी बांधून उपचार केलेल्या दोन रुग्णांचा वृत्तान्त दिला. १९६४ मध्ये गोल्ड, रॅन्सॉहॉफ व कार्टर यांनी वयानुसार लक्षणांचे गट पाडले. विस्फारलेली ती नीला वस्तुतः गॅलेनची नसून गर्भातील तात्पुरत्या नीलेचा अवशेष आहे, हे रेबो व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले. म्हणजे ज्या गॅलेनच्या नावाने हा रोग ओळखला जातो त्याने तो पाहिला नव्हता, आणि ज्या नीलेच्या नावाने तो ओळखला जातो तीही त्यात मूळ दोषी नाही. रोगाचे नाव हा पुरावा नसून ज्ञानाच्या एका अवस्थेचे अवशेषचिन्ह असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

इतर बालविकृतींचाही इतिहास असाच पायरीपायरीने घडला आहे. चेहऱ्यावर जांभळट लाल डाग व त्यासोबत आकडी असलेली साडेसहा वर्षांची मुलगी विल्यम स्टर्ज याने १८७९ मध्ये लंडन येथे वैद्यांपुढे मांडली. पार्क्स वेबरने १९२२ मध्ये त्याच रोगातील कवटीचे क्ष-किरणचित्र वर्णिले. जपानमध्ये ताकेउची व शिमिझू यांनी १९५७ मध्ये वर्णिलेल्या, मेंदूच्या मुख्य रोहिण्या अरुंद होत जाणाऱ्या व्याधीस १९६९ मध्ये सुझुकी व ताकाकू यांनी ‘मोयामोया’ हे नाव दिले. छायाचित्रातील सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे धुराच्या लोटासारखे दिसते म्हणून हे नाव. यांपैकी पहिल्या रोगाची खूण डोळ्यांनी दिसणारी होती, म्हणून तो आधी ओळखला गेला. दुसऱ्यास छायाचित्राची वाट पाहावी लागली.

३. खानदेशचे दप्तर

आता खानदेशकडे वळता येईल. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये जिल्ह्याची विभागणी होऊन पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव व पश्चिम खानदेशचे धुळे असे ठरले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हेच जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशाचे १८८० मध्ये प्रसिद्ध झालेले गॅझेटियर शेती, जाती, व्यापार, वने यांविषयी अत्यंत तपशीलवार आहे. रोगांच्या बाबतीत मात्र त्याचा भर ताप, पटकी, देवी यांवर आहे. यात ग्रंथकर्त्यांचा दोष नाही. जे मोजले जात होते तेच लिहिले गेले.

मोजले काय जात होते, हा येथील कळीचा मुद्दा होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मृत्यूंची वर्गवारी मोजक्या रकान्यांत केली जाई. पटकी, देवी, ताप, अतिसार व हगवण, श्वसनाचे विकार, इजा, आणि शेवटी ‘इतर सर्व कारणे’. पुढे त्यांत प्लेगची भर पडली. गावी नोंद करणारा पाटील वैद्यकशिक्षित नव्हता, व त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. जन्मानंतर चौथ्या दिवशी धाप लागून गेलेले मूल श्वसनाच्या रकान्यात जाई, आकडीने गेलेले तापाच्या, आणि डोके वाढत जाऊन वर्षाच्या आत गेलेले बहुधा ‘इतर’मध्ये. एकच व्याधी वयानुसार तीन वेगळ्या रकान्यांत विखुरली जाण्याची ही रीत लक्षात घेतल्यास दप्तरातील मौनाचा अर्थ बदलतो. शिवाय १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांच्या छायेत अर्भकमृत्यू इतके विपुल होते की एखाद्या बालकाच्या वेगळ्या मृत्यूकडे कोणाचे लक्ष जावे अशी परिस्थितीच नव्हती.

या ठिकाणी साधे गणित उपयोगी पडते. गॅलेनच्या नीलेची विकृती सुमारे २५,००० जन्मांत एक असा अंदाज प्रचलित आहे. अलीकडील एका अंदाजानुसार ते प्रमाण सुमारे ५८,००० जन्मांत एक इतके कमी आहे. १८८१ च्या खानेसुमारीत खानदेशची लोकसंख्या सुमारे १२ लक्ष ३७ हजार होती. हजारी चाळीस जन्म गृहीत धरल्यास वर्षाला सुमारे पन्नास हजार बालके जन्मत असावीत. म्हणजे वर्षाला एक अथवा दोन बालकांत ही विकृती असणे संभवनीय होते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लक्ष ३० हजार व धुळ्याची सुमारे २० लक्ष ५० हजार भरली. हजारी सोळा ते सतरा जन्म धरता दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला एक लक्षाच्या आसपास जन्म होतात, आणि अपेक्षित रुग्ण दोन ते चार. हे आकडे नोंदींवरून आलेले नाहीत, ते केवळ अनुमान आहे; परंतु ‘आपल्याकडे असले रोग नसतात’ या समजुतीस उत्तर देण्यास एवढे अनुमान पुरेसे आहे. गेल्या एका शतकात खानदेशच्या घरांतून अशी शंभराहून अधिक बालके जन्मली व बहुतांशी निनावी कारणाने गेली, असे मानण्यास आधार आहे.

४. अंतर आणि काळ

रोग ओळखण्याची साधने ज्या क्रमाने निर्माण झाली त्याच क्रमाने, परंतु फार विलंबाने, ती प्रदेशात पोहोचतात. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये, आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये. भारतीय मज्जाशल्यचिकित्सेचा आरंभ जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे केला, व १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज येथे नोशीर वाडिया यांनी १९५७ मध्ये मज्जाविकार विभाग उभा केला. खानदेशात मात्र पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळे येथे १९८८ मध्ये आले, आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये. ग्रँट कॉलेज व धुळ्याचे महाविद्यालय यांच्यामध्ये एकशे त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

रेल्वे या बाबतीत आधी आली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात खानदेशातून गेला व भुसावळ हे मोठे ठाणे बनले. चाळीसगावहून धुळ्यास जाणारा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर आहे. कापसाच्या गाठींसाठी हा मार्ग उत्तम होता. परंतु हृदयविफलता झालेल्या तीन दिवसांच्या बालकासाठी रात्रभराचा प्रवास हाच एक स्वतंत्र धोका असतो. त्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या अथवा साक्री-शिरपूरच्या आडगावाहून स्टेशन गाठण्याचा वेळ मिळविला, म्हणजे अंतर किलोमीटरांत मोजणे किती अपुरे आहे हे ध्यानी येते.

उपचारांचा इतिहास पाहिल्यास मात्र एक विचारणीय गोष्ट दिसते. १९८० पर्यंत मुंबईस वेळेवर पोहोचलेल्या बालकासही फारसा लाभ झाला नसता. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत नवजात बालके क्वचितच वाचत. डोक्यात साठलेले पाणी काढण्यासाठी १९५० च्या दशकात झडपेची नळी प्रचारात आली. परंतु या विकृतीत पाणी साठते ते नीलांतील दाब वाढल्यामुळे, आणि मूळ कारण तसेच ठेवून नळी बसविल्यास बालकाची हानी होऊ शकते हे पुढे अनुभवाने कळले. खरा पालट घडला तो वाहिनीच्या आतून करावयाच्या उपचाराने. जांघेतील रोहिणीतून अतिसूक्ष्म नळी मेंदूपर्यंत नेऊन, विकृत मार्गात घट्ट होणारा द्रव सोडून, तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याची ही पद्धत होय. पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात पिएर लाझोनियास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ ते २००२ या काळात या मार्गाने उपचार केलेल्या २१६ बालकांपैकी २३ दगावली. वाचलेल्या १९३ पैकी १४३, म्हणजे ७४ टक्के, मज्जासंस्थेच्या दृष्टीने निकोप राहिली. भारतातही त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील रुग्णांचा दीर्घकालीन वृत्तान्त २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च २०२३ मध्ये बोस्टन येथे डॅरेन ऑरबॅक व सहकाऱ्यांनी चौतीस आठवड्यांच्या गर्भावर, मातेच्या उदरातच, हा उपचार केला.

लाझोनियास यांच्या पद्धतीचा एक भाग खानदेशसारख्या प्रदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. हृदय, मेंदू, श्वसन, यकृत व मूत्रपिंड यांची स्थिती पाहून नवजात बालकास एकवीसपैकी गुण द्यावयाचे. आठहून कमी गुण असल्यास हस्तक्षेपाने लाभ होत नाही. आठ ते बारा असल्यास तातडीने नळीद्वारा उपचार. बारापेक्षा अधिक असल्यास औषधांनी हृदय सांभाळीत, डोक्याचा घेर मोजीत, सुमारे पाच महिन्यांपर्यंत थांबावयाचे. म्हणजे सर्व बालकांना पहिल्याच रात्री महानगरात नेणे आवश्यक नसते. कोणास त्वरेने न्यावे व कोणास जवळ ठेवून वाढवावे हा निर्णय महत्त्वाचा, आणि तो घेण्याचे प्राथमिक साहित्य, म्हणजे टाळूवरून केलेली श्राव्यातीत ध्वनीची तपासणी, हृदयाची तशीच तपासणी आणि मापनाची फीत, जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध होण्याजोगे आहे. हृदयविफलता असूनही हृदयाची रचना निर्दोष दिसल्यास डोक्यावर श्रवणनलिका ठेवून ऐकावे, हा नियम शिकविण्यास महानगराची गरज नाही.

५. समारोप

शासनाच्या योजनांचा इतिहासही येथे नोंदविण्यासारखा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. जळगावचा समावेश २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली तेव्हा झाला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. बालकांची सार्वत्रिक तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याच्या ठरीव यादीत जन्मजात हृदयदोषास स्थान मिळाले, मेंदूच्या वाहिनीविकृतीस स्वतंत्र स्थान मिळाले नाही. एकोणिसाव्या शतकातील रकाने आणि आजची यादी यांत गुणात्मक फरक निश्चितच आहे; परंतु यादीत जे नाही ते दृष्टीआड राहते हा जुना नियम अद्याप मोडलेला नाही.

या विषयाच्या पुढील अभ्यासास तीन दिशा संभवतात. पहिली, १९८८ नंतर धुळ्याच्या व अन्य रुग्णालयांच्या बालरुग्णविभागांतील नोंदींचे पुनर्वाचन. त्यांत ‘जन्मजात हृदयदोष’ व ‘जलशीर्ष’ या दोन निदानांखाली कोणकोणती बालके नोंदली गेली हे तपासणे. दुसरी, मृत्युनोंदींतील रकान्यांच्या बदलत्या व्याख्यांचा तालुकावार अभ्यास. तिसरी, सुईणी, परिचारिका व कुटुंबातील वृद्ध स्त्रिया यांच्याकडून ‘मोठ्या डोक्याच्या’ अथवा ‘दूध न ओढणाऱ्या’ बालकांविषयीच्या आठवणींचे संकलन. या आठवणींवर आजचे निदान लादण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावयास हवा. डोके मोठे होण्याची कारणे अनेक असतात, आणि गॅलेनने बैलाच्या मेंदूवरून मनुष्याविषयी जो निष्कर्ष काढला त्याहून असा निष्कर्ष अधिक सुरक्षित ठरणार नाही.

दप्तरातील मौन म्हणजे रोगाचा अभाव नव्हे, एवढे या विवेचनावरून स्पष्ट व्हावे. त्या मौनाचे कारण कधी शरीरशास्त्राचे अज्ञान होते, कधी रकान्यांची मर्यादा, कधी रस्त्याचे अंतर. पहिले कारण १९८९ पर्यंत बव्हंशी दूर झाले. उरलेली दोन वैद्यकाच्या हाती पूर्णपणे नाहीत. १९८० पूर्वी जन्मलेल्या बालकाचे निदान न होणे ही त्या काळाची मर्यादा होती, कारण निदान झाले असते तरी उपाय नव्हता. आज उपाय आहे, म्हणून निदान न होणे ही काळाची मर्यादा म्हणता येत नाही. वर्षाला दोन ते चार बालके ही संख्या जिल्ह्याच्या अहवालात ओळ मिळण्याइतकी मोठी नाही. परंतु तेवढी बालके नावानिशी नोंदली जातील त्या वर्षापासून या रोगाचा खानदेशातील इतिहास अनुमानावर नव्हे, तर पुराव्यावर लिहिता येऊ लागेल.